शेतकऱ्याच्या दारात शाळा नेणारे पांडुरंग खानखोजे कोण होते? मेक्सिकोतली त्यांची गोष्ट कोकणाला जवळची का वाटते?

रत्नागिरी : पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांत एक दृश्य आता ओळखीचे झाले आहे. कृषी महाविद्यालयाचे पाच-सहा विद्यार्थी ग्रामपंचायतीसमोर किंवा एखाद्या खळ्यात उभे असतात. कोणी बादलीत मिठाचे पाणी करून त्यात भाताचे बियाणे टाकून दाखवतो. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. भरलेले दाणे तळाशी बसतात, ते धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे. कोणी आंब्याचे कोय कलम बांधून दाखवते, कोणी भातात खताच्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट कशा खोचायच्या ते सांगते.

या मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात गावात राहून काम करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. दापोलीचे कृषी महाविद्यालय असो, मांडकी-पालवणचे असो किंवा खरवते-दहिवलीचे, सगळीकडचे विद्यार्थी असे गावोगाव जातात.

यामागचा विचार सोपा आहे. शेतकऱ्याने कॉलेजात यायचे नाही, कॉलेजने शेतकऱ्याच्या बांधावर जायचे.

जवळपास शंभर वर्षांपूर्वी हाच विचार घेऊन एका मराठी माणसाने थेट मेक्सिकोत गावोगावी शेतीच्या शाळा उभ्या केल्या होत्या. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव. आजच्या कृषिदूत उपक्रमाचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. पण जमीन नुकतीच हातात आलेल्या शेतकऱ्याला पुढे काय लागते, हा प्रश्न त्यांना मेक्सिकोत पडला होता आणि नंतर तोच प्रश्न कोकणालाही पडला.

कोण होते खानखोजे?

खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्ध्याचा. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात, पुढचे नागपुरात झाले. विद्यार्थिदशेतच ते क्रांतिकारी विचारांकडे वळले. फ्रेंच राज्यक्रांतीचे त्यांना आकर्षण होते आणि आर्य समाजाच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. साहजिकच इंग्रज पोलिसांची नजर त्यांच्यावर गेली.

परदेशात जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. निघण्यापूर्वी ते लोकमान्य टिळकांना भेटले. रत्नागिरीत जन्मलेले टिळक तेव्हा देशभरातल्या तरुणांचे मार्गदर्शक होते. टिळकांनी त्यांना जपानला जाण्याचा सल्ला दिला. पाश्चात्त्य सत्तेला टक्कर देणारा आशियाई देश म्हणून त्या काळी भारतीय तरुणांना जपानचे मोठे कुतूहल होते.

खानखोजे जपानला गेले आणि तिथून अमेरिकेला.

क्रांतिकारक शेतीकडे कसा वळला?

अमेरिकेत खानखोजे यांनी दोन गोष्टी बरोबरीने शिकून घेतल्या : बंदूक आणि नांगर. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत त्यांनी लष्करी शिक्षण घेतले. शेतीचे शिक्षण ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत झाले. १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली.

ही महाविद्यालये कशी होती, हे इथे समजून घ्यायला हवे. अमेरिकेने १८६२ मध्ये कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या आणि त्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी केली. पुढे याच महाविद्यालयांकडे संशोधनाचे आणि शेतकऱ्यांपर्यंत जाण्याचे कामही आले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन कामांवर चालणारी भारतातली कृषी विद्यापीठे नंतर याच नमुन्यावर निघाली. १९६० मध्ये पंतनगरला त्याची सुरुवात झाली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा पंजाबी मजूर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत राबत होते. खानखोजे त्यांच्यात मिसळले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर चळवळीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. त्याच मळ्यांत त्यांना मेक्सिकन मजूरही भेटले. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती सुरू झाली होती आणि तिच्या केंद्रस्थानी जमिनीचा प्रश्न होता. शेतकरी जमिनीसाठी राजवट उलथवू शकतो, हे खानखोजे यांनी तिथे जवळून ऐकले.

मग मेक्सिकोत कसे पोहोचले?

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि खानखोजे पदवी बाजूला ठेवून लढायला निघाले. तुर्कस्तानातून ते इराणमध्ये गेले, इंग्रज फौजांविरुद्ध लढले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपल्यावर बर्लिन, मग मॉस्को असा प्रवास झाला. भारतात परतणे शक्य नव्हते, कारण इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. अमेरिकेत असताना ओळख झालेले मेक्सिकन मित्र इथे कामाला आले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी शाळेत त्यांना प्राध्यापकाची नोकरी मिळाली. तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते. हातातली कृषी पदवी अकरा वर्षे जुनी होती. तिचा खरा उपयोग आता सुरू होणार होता.

चापिंगोचे वेगळेपण काय?

मेक्सिको शहराजवळचे चापिंगो ही आधी एक मोठी जमीनदारी होती. अशा जमीनदारीला तिथे हसिएंदा म्हणत. प्रचंड जमीन, मधोमध मालकाचा वाडा आणि भोवती पिढ्यानपिढ्या राबणारी कुळे, अशी ती व्यवस्था. क्रांतीनंतर हा वाडा आणि जमीन कृषी शाळेला मिळाली. वाड्यातल्या प्रार्थनागृहाच्या भिंती जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी जमीन आणि क्रांती या विषयावरच्या चित्रांनी रंगवल्या.

या शाळेचे ब्रीद आजही सांगितले जाते. त्याचा आशय असा : शिकवायचे ते जमिनीचा उपयोग करून घ्यायला, माणसाचा नव्हे.

गावातल्या 'मुक्त कृषी शाळा' म्हणजे काय?

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतल्या सत्ताविसाव्या कलमाने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमीन देण्याचा मार्ग खुला केला. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमाने राबलेल्या माणसाला अचानक स्वतःचे निर्णय घ्यायचे होते. बियाणे कुठून आणायचे, कोणते पेरायचे, जमिनीचा कस कसा टिकवायचे, दुष्काळात काय करायचे, हे सगळे आधी मालकाचा कारभारी ठरवत होता.

चापिंगोच्या वर्गात शिकणारे तरुण पदवी घेऊन सरकारी नोकरीत जाणार होते. नुकती जमीन मिळालेला शेतकरी त्या वर्गात येण्याची शक्यता नव्हती. त्याच्याकडे त्यासाठी वेळ नव्हता, पैसा नव्हता आणि बहुतेकदा अक्षरओळखही नव्हती.

म्हणून खानखोजे यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांच्या गावांतच शाळा सुरू केल्या. स्पॅनिशमध्ये त्यांना 'एस्क्वेलास लिब्रेस दे अग्रिकुल्तुरा' म्हणजे मुक्त कृषी शाळा म्हणत. या शाळांचे संचालकपद त्यांच्याकडेच होते. जमिनीसाठी लढलेल्या एमिलियानो झापाटा यांचे नाव एका शाळेला दिले होते.

या शाळांना शुल्क नव्हते. शिकणारा शेतकरी कष्टकरी होता आणि विषय त्याच्याच पिकाचा होता. रिवेरा यांनी या उपक्रमाला पाठिंबा दिला. इटलीत जन्मलेल्या छायाचित्रकार टिना मोदोत्ती यांनी शाळांची आणि खानखोजे यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे काढली. ही छायाचित्रे आज कलेच्या इतिहासातही महत्त्वाची मानली जातात.

प्रयोगशाळेत काय चालले होते?

खानखोजे यांचे संशोधन मका, गहू, कडधान्ये आणि रबर या पिकांवर होते. थंडीचा कडाका आणि पाण्याचा ताण सोसणारे वाण तयार करणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. त्यांचे मुख्य पीक मात्र मका. आपल्याकडे भात तसा मेक्सिकोत मका. रोजची पोळी म्हणजे तोर्तिया त्याचीच.

मक्याच्या शेजारी मेक्सिकोत टिओसिंटे नावाचे एक रानगवत उगवते. दिसायला ते मक्यापेक्षा वेगळे असते. मक्याला साधारण एकच खोड असते, टिओसिंटेला अनेक फुटवे येतात. मक्याच्या कणसात शेकडो दाणे असतात, तर टिओसिंटेच्या छोट्याशा कणसात जेमतेम पाच ते बारा, तेही कठीण कवचात. पण टिओसिंटे काटक असते आणि मक्याशी त्याचा सहज संकर होतो.

खानखोजे यांनी मका आणि टिओसिंटे यांच्या संकराचे प्रयोग केले. काटकपणा आणि जास्त कणसे रानगवताकडून, भरलेले दाणे मक्याकडून, असा हा हिशेब होता. टिओसिंटे हेच मक्याचे मूळ आहे की नाही, यावर तेव्हा शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. आज ते मक्याचे पूर्वज म्हणून मान्य झाले आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रयोगशाळा आणि गावातली शाळा एकाच माणसाच्या हातात होती. शेतकऱ्याची अडचण शाळेत कळली की ती प्रयोगाच्या वाफ्यापर्यंत पोहोचू शकत होती आणि वाफ्यातले बियाणे पुन्हा गावापर्यंत.

भित्तिचित्रातला मराठी माणूस

मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेरा यांची चित्रमालिका आहे. त्यातल्या 'आमची भाकरी' अशा अर्थाच्या चित्रात एक टेबल आहे, भोवती वेगवेगळ्या वर्गांतली, वेगवेगळ्या वंशांची माणसे जमली आहेत आणि टेबलाच्या मुख्य जागी बसलेला माणूस भाकरी मोडतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा आहे.

तिथल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यांचा चेहरा रंगवला गेला, त्या काळात मायदेशी येण्याची त्यांना परवानगीही नव्हती.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जीन सिंडिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. त्यांपैकी सावित्री सॉनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मराठीत वीणा गवाणकर यांचे 'नाही चिरा, नाही पणती' हे पुस्तक खानखोजे यांच्यावरच आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतात काय झाले?

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावले. नागपूर आणि वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होते. खानखोजे विमानाने आले, पण विमानतळावर त्यांना अडवण्यात आले. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीतून स्वतंत्र भारतातही त्यांचे नाव निघालेले नव्हते.

ते पुन्हा मेक्सिकोला गेले आणि १९५० च्या दशकात कायमचे नागपुरात येऊन राहिले. मेक्सिकोत ज्या प्रमाणात त्यांना काम करता आले, तसे मोठे काम भारतात त्यांच्या हाती आले नाही. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास एक मोठी घटना घडत होती. १९४० च्या दशकात मेक्सिकोत गव्हाच्या नव्या वाणांवर काम सुरू झाले होते. नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये त्यात दाखल झाले. चापिंगोची शेतेही त्या कार्यक्रमाचा भाग होती. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे मागवले आणि त्यातून हरितक्रांतीला वेग आला. मेक्सिकोच्या शेतीत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस तेव्हा नागपुरात हयात होता.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या मेक्सिको दौऱ्यात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. भारतात अनेकांनी त्यांचे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

रत्नागिरीशी याचा संबंध काय?

मेक्सिकोतल्या हसिएंदाचे वर्णन वाचताना कोकणातल्या वाचकाला खोती आठवल्याशिवाय राहत नाही. गावचा सारा वसूल करायचा अधिकार खोताकडे होता आणि कुळांच्या पिकातला वाटा त्याच्याकडे जात होता. वेठ वेगळीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मुंबईत विधिमंडळावर मोठा मोर्चा निघाला.

खोती प्रत्यक्षात संपली ती १९४९ च्या कायद्याने. पुढे कूळ कायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली.

म्हणजे मेक्सिकोने १९१७ मध्ये जे केले, त्याच दिशेचे पाऊल कोकणात चाळीस वर्षांनी पडले. आणि प्रश्नही तोच आला : जमीन मिळाली, पुढे काय?

कोकणात हा प्रश्न जास्तच अवघड होता. जमिनीचे तुकडे लहान, उतार तीव्र, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण तो चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतो. घरातला कर्ता पुरुष मुंबईला, शेती बाईच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातात. पुण्याच्या कॉलेजात शिकवली जाणारी घाटावरची शेती इथे जशीच्या तशी चालणारी नव्हती.

दापोलीत कृषी महाविद्यालय १९६५ मध्ये सुरू झाले, कृषक दिनानंतर आठ वर्षांनी. १८ मे १९७२ रोजी तिथेच कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. वरून देखण्या फळात साका निघतो. या दोन्ही अडचणींवर उत्तर म्हणून विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' हा आंबा १९८१ मध्ये दिला. भात, काजू, नारळ, कोकम यांचे वाण आणि कलमांच्या रोपवाटिका या सगळ्यांनी इथल्या बागायतीचे चित्र बदलले.

विद्यापीठाचा कारभार कसा चालतो?

कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली तीन मुख्य कामांची विभागणी असते. शिक्षणाची जबाबदारी अधिष्ठात्यांकडे, संशोधनाची संशोधन संचालकांकडे आणि शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान नेण्याची विस्तार शिक्षण संचालकांकडे. महाविद्यालयाचा रोजचा कारभार सहयोगी अधिष्ठाता पाहतात. प्राध्यापकालाही केवळ वर्गात शिकवून भागत नाही. प्रयोगाचे प्लॉट, शेतकरी मेळावे आणि शिवारफेऱ्या त्याच्या वाट्याला येतात.

खानखोजे चापिंगोत शिकवत होते, वाण तयार करत होते आणि गावातल्या शाळा चालवत होते. म्हणजे ही तिन्ही खाती एकाच माणसाने सांभाळल्यासारखे होते. आज व्याप वाढल्याने ती वेगळी झाली आहेत. पण वेगळी झाली की त्यांच्यातला संवाद सुटण्याचा धोका असतो. शेतकऱ्याची तक्रार विस्तारवाल्याला कळते, ती संशोधकापर्यंत गेली नाही तर नवा वाण कागदावरच चांगला ठरतो.

मग कृषिदूतांकडून काय घ्यायचे?

गावात येणारा विद्यार्थी हा या साखळीतला सर्वांत तरुण दुवा आहे. त्याला गुण मिळवायचे असतात, वही पूर्ण करायची असते, सरपंचांची सही हवी असते. प्रात्यक्षिक झाले, फोटो निघाला, बातमी छापून आली की काम संपले, असे होऊ शकते. तसे झाले तर शाळा गावात येऊनही शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही.

ते टाळणे गावाच्याही हातात आहे. प्रात्यक्षिक ग्रामपंचायतीच्या अंगणाऐवजी आपल्या खाचरात घ्यायला सांगता येते. मिठाच्या पाण्यात बियाणे घरचेच टाकून पाहता येते. घरच्या बियाण्यात पोचट दाणे किती, ते तिथेच दिसते. वानर, रानडुकरे, आंब्यावरचे तुडतुडे, पडीक राहिलेली वरकस जमीन या आपल्या अडचणी त्यांच्या वहीत लिहायला लावता येतात. विद्यार्थ्यांबरोबर कार्यक्रम अधिकारी म्हणून प्राध्यापक येतात. त्यांना थेट विचारता येते. उत्तर लगेच मिळाले नाही तर पुढच्या भेटीत मागता येते.

मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांना हे विचारायला त्यांच्या गावात खानखोजे होते. रत्नागिरीतल्या शेतकऱ्याच्या अंगणात ते विचारण्याची संधी दर पावसाळ्यात येते.

खानखोजे यांचा प्रवास, एका नजरेत

- १८८४ : वर्ध्यात जन्म
- १९१३ : वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून पदव्युत्तर पदवी, गदर चळवळीत सहभाग
- १९२४ : मेक्सिकोत आगमन, पुढे चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक
- १९२० च्या दशकाचा उत्तरार्ध : गावोगावी मुक्त कृषी शाळा, त्यांचे संचालकपद
- १९३६ : जीन सिंडिक यांच्याशी विवाह
- १९४९ : निमंत्रणावरून भारतात, विमानतळावर अडवणूक
- १९५० चे दशक : नागपुरात कायमचे वास्तव्य
- १९६७ : नागपुरात निधन
- २०२२ : मेक्सिकोत पुतळ्याचे अनावरण